विश्लेषण : तेलविहिरीच्या तळाशी रबर फुगते म्हणजे काय होते? रत्नागिरीच्या किनाऱ्याला त्याची काळजी का हवी?

मुंबई हायमधील उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियमची (बीपी) तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. पन्नास वर्षांच्या या तेलक्षेत्रात आता जुन्या विहिरींची डागडुजी होईल, काही विहिरींना नवे फाटे फुटतील आणि काही कायमच्या बंद कराव्या लागतील. या तिन्ही कामांत कळीचा प्रश्न एकच असतो : विहिरीतील फट बुजवायची कशी? त्यासाठी जगभरात वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे तेल किंवा पाणी शोषून फुगणाऱ्या रबराचा ‘स्वेलेबल पॅकर’. हे तंत्र काय आहे, ते कुठे उपयोगी पडते, कुठे अपुरे ठरते आणि कोकण किनाऱ्याचा त्याच्याशी संबंध काय, याचा हा आढावा.

रत्नागिरीचे नाव तेलाच्या नकाशावर कसे?

रत्नागिरी जिल्हा आणि तेल म्हटले की दाभोळचा वीज प्रकल्प, तेथील एलएनजी टर्मिनल आणि नाणार-बारसूचा रिफायनरी वाद आठवतो. पण भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात रत्नागिरीचे नाव त्याआधीपासून आहे. मुंबईच्या समुद्रातील खडकांच्या थरांना शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरील गावांची नावे दिली आहेत. वसई, अलिबाग, पनवेल, वांद्रे, माहीम या नावांचे थर समुद्रतळाखाली आहेत. त्यातील ‘रत्नागिरी फॉर्मेशन’ हा चुनखडीचा थर महत्त्वाचा. मुंबई हायचे बहुतांश तेल ज्या ‘एल-३’ नावाच्या साठ्यातून निघते, तो याच थरसमूहाचा भाग आहे. मुंबईच्या सागरी खोऱ्याच्या दक्षिणेकडील भागाला तर ‘रत्नागिरी ब्लॉक’ असेच म्हणतात.

मुंबईच्या नैऋत्येस सुमारे १३० किलोमीटरवर ‘रत्ना आणि आर-मालिका’ ही तेलक्षेत्रे आहेत. तेथील आर-१२ क्षेत्रातून १९८३ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९९४ मध्ये थांबले. १९९६ मध्ये ही क्षेत्रे खासगी कंपन्यांचा सहभाग असलेल्या समूहाला देण्याचे ठरले, पण करारावर कधीच सह्या झाल्या नाहीत. अखेर मार्च २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो निर्णय रद्द केला आणि क्षेत्रे ओएनजीसीकडे परत आली. मधल्या दोन दशकांत विहिरी जागच्या जागीच होत्या. तेल काढणे थांबले म्हणून विहीर नाहीशी होत नाही, ही गोष्ट कोकणच्या समुद्रानेच अशी दाखवून दिली आहे.

तेलविहिरीची रचना कशी असते?

कोकणात बोअरवेल मारताना वरच्या मातीच्या आणि जांभ्याच्या थरात केसिंग पाइप घालतात. वरची माती ढासळू नये आणि घाण पाणी आत येऊ नये, हा हेतू. तेलविहिरीतही मूळ कल्पना तीच असते, फक्त ती अनेक पदरी असते. आधी रुंद छिद्र पाडून त्यात मोठ्या व्यासाची पोलादी नळी उतरवतात. मग तिच्या आतून अरुंद छिद्र पुढे नेऊन दुसरी नळी, त्यानंतर तिसरी. लांब करता येणाऱ्या दुर्बिणीच्या नळ्यांसारखी ही मांडणी दिसते. प्रत्येक नळी आणि खडक यांच्यामध्ये कडे-कडेने एक पोकळी राहते. ती सिमेंटचा गिलावा दाबाने आत ढकलून भरली जाते.

या सिमेंटवर मोठी जबाबदारी असते. खोल थरातला वायू वरच्या थरात शिरू नये, पाणी तेलाच्या थरात येऊ नये आणि काहीही समुद्रतळापर्यंत पोहोचू नये, हे सारे त्या दोन-तीन बोटे जाडीच्या सिमेंटच्या कड्यावर अवलंबून असते. अडचण अशी की सिमेंट कडक असते आणि विहीर सतत हलत असते. गरम तेल वर येताना पोलादी नळी तापून प्रसरण पावते, उत्पादन थांबले की आक्रसते. विहिरीतला दाब वर-खाली होतो. हे चक्र वर्षानुवर्षे चालले की सिमेंटला तडे जातात किंवा ते नळीपासून केसाएवढे सुटते. डोळ्यांना न दिसणारी ती फट वायूला मात्र पुरेशी असते. मग नळ्यांमधल्या पोकळीत दाब साठू लागतो. वरून तो सोडून दिला तरी काही तासांत पुन्हा चढतो. जगभरातल्या जुन्या तेलक्षेत्रांची ही नेहमीची डोकेदुखी आहे.

पॅकर म्हणजे काय? आणि ‘फुगणारा’ पॅकर वेगळा कसा?

पॅकर म्हणजे विहिरीत हव्या त्या खोलीवर बसवलेला बूच. पारंपरिक पॅकरमध्ये रबराचे कडे आणि धातूचे दाते असतात. वरून नळी फिरवून, वजन देऊन किंवा द्रवाचा दाब देऊन ते रबर दाबले जाते, ते बाजूला पसरते आणि भिंतीला चिकटते. दुसरा प्रकार हवा भरलेल्या ट्यूबसारखा, आत द्रव भरून फुगवण्याचा. दोन्हींत हलणारे भाग असतात आणि दोन्ही गुळगुळीत पोलादी नळीत उत्तम बसतात. उघड्या खडकातले छिद्र मात्र गोल आणि गुळगुळीत नसते. तिथे यांची पकड कमी पडू शकते.

फुगणाऱ्या पॅकरमध्ये हलणारा एकही भाग नसतो. पोलादी नळीवर जाड रबराचा थर भट्टीत पक्का चिकटवलेला असतो आणि दोन्ही टोकांना धातूची कडी असतात. नळी विहिरीत उतरवायची, जागेवर आणायची आणि वाट पाहायची. आजूबाजूचे तेल किंवा पाणी रबरात मुरते, रबर फुगते आणि खडकाच्या खाचाखोचांत जाऊन बसते.

ही कल्पना किनाऱ्यावरच्या माणसाला नवी नाही. पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या लाकडी होडीच्या फळ्या सुकतात आणि सांधे उघडे पडतात. होडी पुन्हा पाण्यात उतरवली की पहिले काही तास पाणी आत येते. मग लाकूड फुगते आणि सांधे आपोआप आवळले जातात. गळतीच गळती थांबवते. फुगणाऱ्या पॅकरचे तत्त्व नेमके हेच आहे.

तेल उद्योगात रबर फुगणे हा पूर्वी दोष मानला जाई. गॅरेजमध्ये आजही ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल ओतले तर आतली रबरी वॉशर फुगून ब्रेक अडकतात. हाच दोष गुण म्हणून वापरण्याचा विचार पुढे आला आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नॉर्वेतील एका कंपनीने असे पॅकर बाजारात आणले. पुढे हॅलिबर्टन या अमेरिकी कंपनीने ती कंपनी विकत घेतली. आज बहुतेक मोठ्या तेलसेवा कंपन्यांकडे हे उत्पादन आहे.

रबर फुगते कशामुळे?

याचे दोन प्रकार आहेत. तेलात फुगणाऱ्या पॅकरसाठी प्रामुख्याने ईपीडीएम जातीचे रबर वापरतात. या रबराचे रेणू आणि कच्च्या तेलाचे रेणू स्वभावाने सारखे, म्हणजे दोन्ही हायड्रोकार्बन. त्यामुळे तेल रबरात सहज शिरते. रबराच्या साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असल्यामुळे ते विरघळत नाही, फक्त ताणले जाते. तेल जितके पातळ आणि तापमान जितके जास्त, तितका हा वेग अधिक.

पाण्यात फुगणाऱ्या पॅकरमध्ये रबरात पाणी शोषणारे पॉलिमर किंवा क्षार मिसळलेले असतात. लहान मुलांच्या डायपरमध्ये असते, त्याच जातीचे हे रसायन. पाणी येथे परासरणाने आत ओढले जाते. साहजिकच बाहेरचे पाणी जितके खारट, तितके रबर कमी फुगते. चणे साध्या पाण्यात टम्म फुगतात आणि मिठाच्या पाण्यात आक्रसलेले राहतात, तसेच हे. समुद्राखालच्या साठ्यातले पाणी खारट असते, त्यामुळे पॅकर निवडण्याआधी त्याच क्षेत्रातल्या पाण्याच्या आणि तेलाच्या नमुन्यात रबराचा तुकडा बुडवून, विहिरीएवढ्या तापमानाला ठेवून चाचणी घ्यावी लागते.

किती फुगल्यावर बूच घट्ट बसतो?

साधे गणित करून पाहता येते. विहिरीचे छिद्र साडेआठ इंच व्यासाचे आहे, आतली पोलादी नळी साडेपाच इंचांची आहे आणि त्यावरच्या रबराचा बाहेरचा व्यास आठ इंच आहे असे धरू. म्हणजे चहूबाजूंनी पाव इंच फट आहे. ही फट भरण्यासाठी रबराचे आकारमान सुमारे २५ टक्के वाढायला हवे. रबर त्याहून बरेच अधिक फुगू शकत असेल, तर भिंतीला टेकल्यानंतरची उरलेली ताकद दाब निर्माण करण्यात खर्च होते. हा दाबच खरा बूच. 

आता समजा, त्या ठिकाणचा खडक ढासळून छिद्र साडेनऊ इंचांचे झाले आहे. मग नुसते भिंतीला टेकण्यासाठीच रबर जवळपास ८० टक्के फुगायला हवे. दाबासाठी फारसे काही उरत नाही. एका इंचाच्या फरकाने बूच घट्ट की सैल हे ठरते. म्हणून पॅकर कुठे बसवायचा हे ठरवण्याआधी छिद्राचा व्यास इंचा-इंचाने मोजावा लागतो. पॅकरची लांबीही महत्त्वाची. रबर जितके लांब, तितका दाबातील फरक तो अधिक पेलतो.

मुंबई हायसारख्या क्षेत्रात याचा उपयोग काय?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हायचा शोध फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगवरील खोदकामातून लागला. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८० च्या दशकात तेथून दिवसाला चार लाखांहून अधिक पिंपे तेल निघत होते. त्यानंतर नैसर्गिक दाब घटत गेला. तो टिकवण्यासाठी १९८० च्या दशकातच साठ्यात समुद्राचे पाणी भरण्यास सुरुवात झाली.

‘एल-३’ साठा हा एकसंध नाही. चुनखडीचे अनेक पदर आणि त्यांच्यामध्ये शेलचे पातळ थर अशी त्याची रचना आहे. काही पदर सच्छिद्र, काही घट्ट. आत ढकललेले पाणी सोप्या वाटेने धावते आणि घट्ट पदरांतील तेल मागेच राहते. परिणामी विहिरीतून तेलाबरोबर पाणीच जास्त येऊ लागते. कोकणातल्या किनाऱ्यालगतच्या विहिरीचा उपसा वाढला की तिला खारे पाणी लागते. तेलविहिरीचेही तसेच होते.

येथे पॅकर कामी येतो. आडव्या विहिरीत ठरावीक अंतरावर पॅकर बसवले की तिचे कप्पे पडतात. ज्या कप्प्यातून पाणी येते तो झडप लावून बंद करायचा, बाकीचे चालू ठेवायचे. आडव्या विहिरीत सिमेंट सगळीकडे सारखे पसरवणे अवघड असते, कारण नळी स्वतःच्या वजनाने खालच्या बाजूला टेकते आणि तिथे सिमेंट नीट पोहोचत नाही. रबराला ही अडचण कमी जाणवते. शिवाय पॅकर बसवण्यासाठी वेगळी उपकरणे खाली सोडावी लागत नाहीत, त्यामुळे भाड्याच्या रिगचे दिवस वाचतात.

दुसरा उपयोग सिमेंटला जोड म्हणून होतो. नळीवर ठिकठिकाणी तेलात फुगणारे रबर आधीच बसवून त्याभोवती सिमेंट भरले, तर पुढे कधी सिमेंटला तडा जाऊन तेल झिरपू लागले की तेच तेल रबराला फुगवते आणि फट बुजते. 

बीपीबरोबरच्या व्यवस्थेत क्षेत्राची मालकी आणि चालन ओएनजीसीकडेच राहणार असून दहा वर्षांत तेल आणि वायूचे उत्पादन आधाररेषेच्या तुलनेत ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा अंदाज मांडण्यात आला आहे. देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, हे पाहता यामागची निकड समजू शकते. पण जुन्या साठ्यातून अधिक तेल काढायचे म्हणजे जुन्या विहिरींत अधिक वेळा हात घालायचा. जितके काम वाढेल, तितके बूच भक्कम हवेत.

मग या तंत्राच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा वेळेची. रबर पूर्ण फुगायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. विहिरीतून वायू उसळत असताना हे साधन निरुपयोगी आहे. तिथे जड चिखल आणि ब्लोआउट प्रतिबंधकच लागतात.

दुसरी मर्यादा उलट्या बाजूची. खोदताना तेलमिश्रित चिखल वापरला असेल तर रबर उतरवतानाच फुगू लागते. काही कारणाने नळी वाटेत अडकून राहिली, तर नको त्या जागी बूच बसण्याचा धोका असतो. त्यासाठी रबरावर तेल हळू मुरू देणारा थर लावतात.

तिसरी मर्यादा द्रवाच्या बदलाची. आज जिथे तेल आहे, तिथे दहा वर्षांनी पाणी असू शकते. पाण्यात फुगणाऱ्या रबराभोवतीचे पाणी अधिक खारट झाले तर ते काहीसे आक्रसते. कोरड्या वायूत तेलाचे रबर पुरेसे फुगत नाही. वसई क्षेत्रातील वायूत हायड्रोजन सल्फाइड असते. असा आम्लधर्मी वायू आणि दीर्घकाळची उष्णता रबराचा कस कमी करू शकते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा म्हणजे कायमस्वरूपी बंद करायच्या विहिरीत केवळ रबरावर भिस्त ठेवता येत नाही. उत्पादन देणाऱ्या विहिरीचे आयुष्य काही दशकांचे असते. सोडून दिलेली विहीर मात्र कायमची बंद राहिली पाहिजे. म्हणून अशा विहिरीत खडकाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सिमेंटचे लांब बूच भरण्याची पद्धत आहे. तेही एक नव्हे, एकावर एक असे किमान दोन अडथळे. एक निकामी झाला तरी दुसरा टिकला पाहिजे, हे विहीर सुरक्षेचे मूळ सूत्र आहे. पॅकर येथे सिमेंटचा आधार होऊ शकतो, पर्याय नाही.

अडथळा निकामी झाला तर काय होते?

ऑगस्ट २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील तिमोर समुद्रात माँटारा विहिरीच्या तळाचे सिमेंट दगा देऊन गेले. दहा आठवड्यांहून अधिक काळ तेल समुद्रात वाहत राहिले. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर स्फोट होऊन ११ कामगारांचा मृत्यू झाला. तेथेही तळाचे सिमेंट वायूला अडवू शकले नव्हते. ८७ दिवसांनी तेलाचा प्रवाह थांबला.

भारतातले ताजे उदाहरण आसाममधील बागजानचे. तिनसुकिया जिल्ह्यातील ऑइल इंडियाच्या विहिरीत २७ मे २०२० रोजी दुरुस्तीचे काम सुरू असताना वायू उसळला, ९ जूनला आग लागली आणि दोन अग्निशमन कर्मचाऱ्यांचा बळी गेला. विहीर पूर्ण आटोक्यात यायला नोव्हेंबर उजाडला. सिमेंटचा बूच पुरेसा पक्का होण्याआधीच ब्लोआउट प्रतिबंधक काढल्याचा मुद्दा तेथील चौकशीत पुढे आला. या तिन्ही घटनांचा धडा एकच : बूच कशाचा आहे यापेक्षा तो बसला आहे की नाही हे तपासले का, हा प्रश्न मोठा.

२७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला लागलेल्या आगीत २२ जणांचा मृत्यू झाला. मात्र तो अपघात विहिरीच्या तळाचा नव्हता. जहाज धडकल्याने वायू वाहून नेणारी नळी फुटली होती. समुद्रातला प्रत्येक तेल अपघात विहिरीचा नसतो, हे लक्षात ठेवायला हवे.

किनाऱ्यावर येणाऱ्या डांबरगोळ्यांचा याच्याशी संबंध आहे का?

दर पावसाळ्यात गुजरातपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यांवर काळे, चिकट गोळे वाहून येतात. समुद्रात सांडलेल्या तेलातील हलका भाग उडून गेल्यावर उरलेल्या जड भागाचे हे गोळे बनतात. जाळ्याला लागले तर जाळे खराब, पायाला लागले तर रॉकेलशिवाय निघत नाहीत. पावसाळ्यात वारे पश्चिम-नैऋत्येकडून किनाऱ्याकडे वाहतात आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे असतो. म्हणून उत्तरेला सांडलेले तेल दक्षिणेच्या किनाऱ्याला लागू शकते.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अशा गोळ्यांचे रासायनिक ‘ठसे’ तपासले आहेत. दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर जुलै २०१२ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांचे ठसे मुंबई हायच्या तेलाशी जुळले. गोव्याच्या किनाऱ्यावरील काही नमुन्यांचा माग मात्र टँकरमधून धुऊन टाकलेल्या तेलापर्यंत गेला. म्हणजे दोन्ही स्रोत खरे आहेत. पण ठसा फक्त तेल कोणत्या साठ्याचे हे सांगतो. ते विहिरीतून झिरपले, वाहिनीतून गळले की प्लॅटफॉर्मवरून सांडले, हे सांगत नाही. त्यामुळे डांबरगोळ्यांचा दोष थेट विहिरींच्या बुचांवर टाकणे घाईचे ठरेल. तसेच तो धोका नाहीच असे म्हणणेही.

रत्नागिरीला नेमके काय पणाला लागले आहे?

मिरकरवाडा, हर्णै, दाभोळ, जयगड या बंदरांवर जिल्ह्यातील हजारो कुटुंबांचे पोट आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात. बंदी उठल्यानंतरचे पहिले काही आठवडे कमाईचे असतात आणि त्याच सुमारास किनाऱ्यावर तवंग आला, तर मासळीचा भाव पडतो. तेल प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात मासेमारीला मनाई असते. उत्पादन संपलेल्या क्षेत्रातील सांगाडे जागेवरच राहिले तर ती जागा मच्छीमारांना मिळत नाही, आणि पाण्याखाली उरलेल्या भागांत जाळी अडकतात. म्हणजे विहीर नीट बंद करून जागा मोकळी होणे हा मच्छीमाराच्या दृष्टीने पर्यावरणाचा नव्हे, तर थेट धंद्याचा प्रश्न आहे.

वायूची गळती डोळ्यांना दिसत नाही, पण तिचाही हिशेब आहे. वीस वर्षांच्या काळात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ८० पट अधिक उष्णता धरून ठेवतो. 

कायदा काय सांगतो? जबाबदारी कुणाची?

समुद्रातील तेल उत्खननाच्या सुरक्षेसाठी २००८ चे नियम आहेत आणि त्यांच्या अंमलबजावणीची जबाबदारी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे (ओआयएसडी) आहे. तेलगळती झाल्यास राष्ट्रीय आपत्कालीन आराखड्यानुसार समन्वयाचे काम तटरक्षक दल करते. विहिरी बंद करून जागा पूर्ववत करण्याच्या खर्चासाठी कंपन्यांनी आधीच पैसे बाजूला ठेवावेत म्हणून १९९९ पासून ‘साइट रिस्टोरेशन फंड’ योजना आहे.

१९४८ च्या तेलक्षेत्र कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाली. पूर्वी नियमभंगासाठी सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास किंवा एक हजार रुपयांपर्यंतचा दंड अशी तरतूद होती. आता तुरुंगवासाची तरतूद जाऊन २५ लाख रुपयांपर्यंत दंड आणि भंग सुरूच राहिल्यास दिवसाला १० लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आली. एक हजाराच्या तुलनेत ही रक्कम मोठी वाटते. समुद्रातील एका रिगचा दैनंदिन खर्च पाहता ती कंपन्यांना कितपत जाचक ठरेल, यावर मतभेद आहेत.

समुद्रातील क्षेत्र पूर्णपणे बंद करून प्लॅटफॉर्म काढून नेण्याचा देशाला अनुभवही नवा आहे. ताप्ती क्षेत्रात हे काम झाले, ते देशातील अशा प्रकारचे पहिले. मुंबई हाय, हीरा, रत्ना या क्षेत्रांतील विहिरींची संख्या पाहता येत्या दोन-तीन दशकांत हे काम अनेक पटींनी वाढणार आहे.

पुढे काय पाहायचे?

फुगणारा पॅकर हे उपयुक्त साधन आहे, जादू नाही. योग्य द्रव, योग्य खोली, मोजलेले छिद्र आणि पुरेसा वेळ मिळाला तर तो वर्षानुवर्षे निमूट काम करतो. यातली एक गोष्ट चुकली तर तो नळीवर चढवलेले नुसते रबर उरतो. आणि तो बसला की नाही हे कळण्याचा एकच मार्ग असतो : दाब देऊन चाचणी घेणे आणि नंतर नियमित मोजत राहणे.

म्हणूनच किनाऱ्यावरून विचारण्याचे प्रश्न साधे आहेत. थांबलेल्या विहिरी किती, त्यांतील कायमच्या बंद किती आणि तात्पुरत्या किती? नळ्यांमधल्या पोकळीत दाब चढतो का, याची तपासणी किती दिवसांनी होते? तिचा अहवाल कोण पाहतो? जागा पूर्ववत करण्यासाठी क्षेत्रनिहाय किती रक्कम साठली आहे? उत्पादन किती टक्क्यांनी वाढणार याचे आकडे जाहीर होतात, त्याच कागदावर हे आकडेही आले तर मिरकरवाड्याच्या जेटीवरचा तांडेलही ते समजून घेऊ शकेल. होडी पाण्यात उतरवल्यावर सांधे आवळले की नाहीत, हे पाहण्यासाठी तोही तळाशी वाकून पाहतोच. त्यावाचून तो समुद्रात जात नाही.